मदत हवी आहे: 'रेड स्टार' पदकाच्या नंबरावरून मूळ सैनिक शोधता येईल का?

नमस्कार मंडळी. भाचा जॉर्जियात तिबिलिसीला मेडिकलला आहे. मागच्या महिन्यात त्याच्याकडे गेलो असताना तिथल्या ड्राय ब्रिजच्या जुन्या बाजारात सोव्हिएत 'ऑर्डर ऑफ द रेड स्टार' घेतलं. लाल मिन्याचा तारा, मधोमध बंदूकधारी सैनिक, मागे स्क्रू, 'मोनेत्नी द्वोर' हा टांकसाळीचा शिक्का आणि हाताने कोरलेला सात आकडी नंबर, १० लाखांच्या थोडा पुढचा. त्यावरून १९४४-४५ चं असावं असा माझा अंदाज. सोबतची पुस्तिका नाही, म्हणजे नावच नाही. घोडं इथेच अडलंय.

रशियन संरक्षण खात्याचं 'पोद्विग नरोदा' हे युद्धकाळातल्या पदकांच्या नोंदींचं संकेतस्थळ चाळून पाहिलं. तिथे नाव टाकलं तर शिफारसपत्र, म्हणजे कोणी कुठे काय पराक्रम केला ते सापडतं. पण माझ्या हातात फक्त नंबर! तो नंबर पदकधारकाच्या नोंदकार्डावर असतो आणि ती कार्डं पोदोल्स्कच्या लष्करी अभिलेखागारात. तिथून कोणी माहिती मिळवली आहे का? कशी, किती खर्चात?

दुसरी शंका. १९४४ पासून हेच पदक १५ वर्षांच्या सेवेबद्दलही देत. तसं असेल तर पराक्रमाचा कागद मिळणारच नाही ना?

पदक विकायचं नाहीये, त्यामुळे किंमत सांगू नका. स्क्रूवरची चकती बदललेली वाटते, ती कशी ओळखायची हे मात्र जरूर सांगा. आणि रशियन हस्ताक्षर वाचणारं कोणी असेल तर आधीच हात जोडतो.