चारही बाजू मोजल्या, तरी जागेचे क्षेत्रफळ का जुळत नाही?

माळरान (प्रश्न)

नमस्कार. गावालगतची एक बिनशेती जागा विकत घेण्याचा आमचा विचार चालू आहे. जागा चौकोनी असली तरी तिच्या चारही बाजू वेगवेगळ्या आहेत: पूर्वेची १३० फूट, दक्षिणेची १४०, पश्चिमेची १२० आणि उत्तरेची ९० फूट. मध्यस्थांनी आमच्यासमोरच टेप लावून या बाजू मोजल्या, समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढली आणि १२५ गुणिले ११५ म्हणजे १४,३७५ चौरस फूट, अर्थात १३.२ गुंठे, असा हिशोब मांडला. सातबारा उताऱ्यावर मात्र ०.१२.८२ हेक्टर-आर, म्हणजे १२.८२ आर, असे क्षेत्र आहे. एक आर म्हणजे एक गुंठा असे आमच्याकडे सर्वजण धरून चालतात, त्यामुळे साधारण ०.३८ गुंठ्याचा फरक दिसतो. गुंठ्याला ४ लाख रुपये भाव ठरत असल्याने हा फरक सोडून देण्यासारखा नाही.

माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या गणिताच्या पुस्तकातील हीरोचे सूत्र येथे वापरता येईल का, असे तिने विचारले. पण ते तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र असल्याने मला उत्तर देता आले नाही. मोजमाप चुकले आहे की हिशोब, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खडूफळा

मी निवृत्त गणित शिक्षक आहे. आपल्या मुलीचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे, हे तिला आवर्जून सांगावे.

टेप बरोबर असेल, पण हिशोबाची रीत चुकीची आहे. चार पट्ट्या टोकांना खिळ्यांनी सैलसर जोडून चौकोन करा आणि एका कोपऱ्यावर हळूहळू दाब द्या. चारही पट्ट्यांची लांबी तीच राहते, पण चौकोन कलत जातो आणि आतील जागा आक्रसते. याचा अर्थ, केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ ठरतच नाही. त्रिकोणाचे तसे नसते. तीन बाजू ठरल्या की त्याचा आकार पक्का होतो. म्हणून चौकोनाचा एक कर्ण मोजावा, जागेचे दोन त्रिकोण करावेत आणि प्रत्येकाला हीरोचे सूत्र लावावे.

हा मुद्दा आपल्याकडे फार पूर्वीच लक्षात आलेला आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील ब्राह्मस्फुटसिद्धान्तात समोरासमोरच्या बाजूंच्या सरासरींचा गुणाकार दिला आहे, पण त्याला ‘स्थूल’ क्षेत्रफळ म्हटले आहे. भास्कराचार्यांनी ११५० मधील लीलावतीत तर, कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च आहे आणि त्याचे उत्तर देणारा त्याहूनही मोठा पिशाच्च आहे, इतक्या कडक शब्दांत बजावले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात आहे, आणि त्याच महाराष्ट्रात जागांचे व्यवहार आजही सरासरीवर होतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वाईट वाटण्याचे कारण असे की ही चूक नेहमी एकाच दिशेला होते. त्रिकोणाच्या दोन बाजू ठरलेल्या असतील, तर त्यांच्यामधील कोन काटकोन असताना त्याचे क्षेत्रफळ सर्वांत जास्त असते, म्हणजे त्या दोन बाजूंच्या गुणाकाराच्या निम्मे. कोन त्याहून लहान असो वा मोठा, क्षेत्रफळ कमीच भरते. सरासरीची रीत चारही कोपरे काटकोनात आहेत असे गृहीत धरते. त्यामुळे जागा तंतोतंत आयताकृती नसेल, तर सरासरीने येणारा आकडा खऱ्या क्षेत्रफळापेक्षा जास्तच असतो, कधीही कमी नसतो. त्याचा भार प्रत्येक वेळी घेणाऱ्यावर पडतो, मग मोजणाऱ्याच्या मनात काही वावगे असो वा नसो.

कृपया ईशान्येच्या कोपऱ्यापासून नैऋत्येच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजून येथे कळवावे.

माळरान

आज सकाळी मुलीला घेऊन गेलो. तो कर्ण बरोबर १५० फूट भरला. घरी आल्यावर तिने हिशोब केला. १३०, १४० आणि १५० या त्रिकोणाची अर्धपरिमिती २१०. तिच्यातून एकेक बाजू वजा केली की ८०, ७० आणि ६०. २१०, ८०, ७० आणि ६० यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ८,४००. दुसऱ्या त्रिकोणाच्या बाजू ९०, १२० आणि १५०. त्याचे क्षेत्रफळ ५,४००. एकूण १३,८०० चौरस फूट. हा आकडाही उताऱ्याशी जुळत नाही असे मला वाटते, कारण १,०८९ ने भागल्यावर १२.६७ येतात आणि उतारा १२.८२ म्हणतो.

खडूफळा

तो जुळतो. आर आणि गुंठा ही दोन वेगळी मापे आहेत. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, म्हणजे १,०८९ चौरस फूट. तो सुमारे १०१.१७ चौरस मीटर भरतो. १२.८२ आर म्हणजे १,२८२ चौरस मीटर, आणि ते १३,८०० चौरस फुटांच्या अगदी जवळ आहेत. त्यामुळे खरा फरक ०.३८ नसून ५७५ चौरस फुटांचा, म्हणजे ०.५३ गुंठ्याचा आहे. आपल्या भावाने ही रक्कम सुमारे २ लाख ११ हजार रुपये होते.

गुण्या

मी बांधकामे घेतो, म्हणून माझ्याकडून एक भर. आपले आकडे वाचताना ९०, १२०, १५० येथे मी थांबलो. हे ३, ४, ५ चे तीसपट आहेत, म्हणजे आपला वायव्येचा कोपरा काटकोनात आहे. पायाची आखणी करताना आम्ही रोज हेच करतो: एका दोरीवर ३ फुटांवर खूण, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये बरोबर ५ फूट आले की कोपरा काटकोनात. लोखंडी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे हत्यार, विटेच्या कोपऱ्याला चालतो, पण चाळीस फूट भिंतीच्या आखणीला तो अपुरा पडतो. तेथे ३, ४, ५ ऐवजी १५, २०, २५ घ्यावेत, म्हणजे इंचभर चूक झाली तरी कोन फारसा ढळत नाही. माझ्या हाताखालच्या कित्येक गवंड्यांनी शाळा लवकर सोडली आहे, पण पायथागोरसचा हा उपयोग त्यांच्या हातात पक्का बसलेला आहे.

आता पुढे पाहा. दक्षिणेची बाजू उत्तरेपेक्षा ५० फुटांनी जास्त आहे. १२० चा वर्ग अधिक ५० चा वर्ग म्हणजे १३० चा वर्ग, आणि आपली पूर्वेची बाजू नेमकी १३० आहे. म्हणजे नैऋत्येचा कोपराही काटकोनात असून ही जागा समलंब चौकोन आहे. समांतर बाजूंची सरासरी ११५, गुणिले उंची १२०, उत्तर पुन्हा १३,८००. मध्यस्थांचे ११५ बरोबरच होते. चूक एवढीच की १२० च्या जागी त्यांनी तिरक्या बाजूला धरून १२५ घेतले.

खात्री करायची असेल तर दुसरा कर्णही मोजावा. तो १८४ फूट आणि पाच इंचांच्या थोडा आत यायला हवा.

कातळ

आमच्या कोकणात यात आणखी एक अडचण येते, ती उताराची. नकाशावरचे क्षेत्र आडव्या पातळीतले असते, आणि टेप मात्र आपण जमिनीलगत ताणतो. उतारावर टेपने २५ फूट भरले आणि तेवढ्यात जमीन ७ फूट खाली गेली असेल, तर आडवे अंतर २४ फूटच असते. अशा ठिकाणी टेप थोड्या थोड्या अंतरावर आडवा धरून टोकाशी ओळंबा सोडावा आणि पायऱ्यांसारखे मोजत जावे. आपली जागा सपाट असल्यास हे लागू नाही. मात्र हद्दीबाबत शंका असेल तर भूमि अभिलेख कार्यालयाकडून रीतसर मोजणी करून घ्यावी, कारण आपला टेप हद्द ठरवू शकत नाही.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. जागा सपाट आहे. दुसरा कर्ण १८४ फूट ८ इंच भरला. आमचा टेप १०० फुटांचाच असल्याने तो दोनदा लावावा लागला आणि मध्ये त्याला थोडा झोळही होता. मोजणीसाठी अर्ज केला आहे, आणि व्यवहार १२.६७ गुंठ्यांवर करण्यास मालक तयार आहेत.

मध्यस्थांना मुलीने वहीतील आकृतीवर सर्व समजावून सांगितले. ते बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. आपल्या वडिलांपासून हीच रीत चालत आली आहे, असे ते म्हणाले, आणि त्यात खोटेपणा नव्हता हे मला जाणवले. काल त्यांनी दुसऱ्या एका जागेच्या चार बाजूंचे आकडे पाठवून क्षेत्रफळ विचारले आहे. कर्ण मोजून आणावा, असे मुलीने त्यांना कळवले आहे.