ओळखीचे दुःख सुटत का नाही? आपापले अनुभव लिहा

पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक स्वप्नांत पुन्हा पुन्हा त्याच भयंकर प्रसंगाकडे जातात, हे पाहून सिग्मंड फ्रॉइड यांना १९२० साली स्वतःच्याच मांडणीचा फेरविचार करावा लागला. मन सुखाकडे ओढ घेते आणि दुःख टाळते, हे सूत्र त्या स्वप्नांना लागू पडत नव्हते. त्यानंतर शंभर वर्षांत या प्रश्नाला अनेक उत्तरे दिली गेली. पण आपल्या घरांत, गल्लीत आणि भाऊबंदकीत तो ज्या रूपांनी दिसतो, त्याविषयी आपण क्वचितच मोकळेपणाने बोलतो. जाच संपल्यावरही कुणी जाचाच्या वेळेला अस्वस्थ होते, भांडण मिटल्यावर कुणाला घर ओकेबोके वाटते, तर कुणाचा चांगल्या दिवसांवर विश्वासच बसत नाही.

माझे मत आधीच सांगते. दुःख आवडते म्हणून कुणी ते धरून बसत नाही. त्या दुःखाच्या आधाराने काहीतरी उभे असते, आणि ते काय आहे हे कळल्याशिवाय दुःख सोडण्याचा आग्रह धरणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून कोल्हापूर आणि आसपासच्या सर्वांना विनंती आहे की, आपले किंवा आपल्या घरातले अनुभव येथे लिहावेत. कुणाची ओळख पटेल असा तपशील देऊ नये, आणि दुसऱ्याच्या अनुभवाखाली ‘सोडून द्या’ एवढाच सल्ला लिहू नये. तो सल्ला प्रत्येकाने आधी पुष्कळदा ऐकलेला असतो.

मंगळवार पेठेतील एक गृहिणी

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून झाला की माझ्या सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसत आणि माझ्या दिवसभरातल्या चुका सांगत. न फुगलेली भाकरी, पाहुण्यांच्या चहातली साखर, अंबाबाईला जाताना मी नेसलेली साडी, असा कोणताही विषय त्यांना चाले. त्यांचा आवाज कधी चढला नाही आणि त्यांनी कधी शिवीही दिली नाही, त्यामुळे हा जाच आहे असे बाहेर कुणाला सांगायचीही सोय नव्हती. त्या गेल्या तेव्हा शेजारच्या काकी मला हळूच म्हणाल्या, “सुटलीस बाई आता.” मलाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात मात्र दिवेलागणीला मला चैन पडेनासे झाले, आणि ती हुरहूर थांबायची ती मी स्वतःच दिवसभराच्या चुका मोजायला लागले की. शब्दही त्यांचेच असत.

पुढे घरात सून आली. ती मनापासून म्हणते, “आई, आज आमटी फक्कड झालीय,” आणि माझ्या तोंडून लगेच निघते, “मीठ जास्त पडलंय.” एकदा तिने विचारले, “तुम्हाला बरं म्हटलेलं चालत नाही का?” या प्रश्नावर मी बराच विचार केला. सासूबाईंच्या तोंडून एकदा तरी ‘बरं केलंस’ ऐकायचे होते, ते राहून गेले. त्यांची चूक काढण्याची पद्धत मी चालू ठेवली, म्हणजे त्यांची परीक्षाही चालू राहिली, आणि परीक्षा चालू आहे तोवर उत्तीर्ण होण्याची आशाही आहे. परीक्षाच संपली असे मान्य केले, तर निकाल कायमचा तोच राहतो.

उद्यमनगरातील एक कारखानदार

आमच्या फाउंड्रीच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी कज्जा झाला. तो अनेक वर्षे चालला आणि शेवटी तडजोडीने मिटला. मला मिळायला हवे होते त्यातले बहुतेक मिळाले. त्यानंतरच्या दसऱ्याला, दसरा चौकातले सीमोल्लंघन आटोपून भाऊ माझ्या दारात आला, आपट्याची पाने पुढे करून म्हणाला, “दादा, सोनं घ्या.” मी घेतले नाही. लोकांनी याला हट्ट म्हटले, सूड म्हटले. पण त्या क्षणी मला राग आलाच नव्हता, भीती वाटली होती, हे मी येथे पहिल्यांदा लिहीत आहे.

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारी आमची मंडळी मला पाहताच विचारतात, “काय म्हणतोय धाकटा?” मग मी सांगतो आणि सगळे ऐकतात. ज्याच्यावर अन्याय झाला तो थोरला भाऊ, ही माझी ओळख आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट घरात आहे. मी, माझी पत्नी आणि माझी दोन्ही मुले यांचे एरवी कशावरच एकमत होत नाही. आमची एकजूट होते ती या एका विषयावर. जेवताना तो निघाला की सगळे एका बाजूला असतात. तो काढून घेतला तर आम्ही चौघे एकमेकांशी काय बोलणार, हे मला खरोखर माहीत नाही. पत्नीच्या आग्रहामुळे भावाच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो आणि अक्षता टाकून परत आलो. परतताना गाडीत कुणीच काही बोलले नाही.

पूर्वी शाहूपुरीत राहणारी, आता पाचगावकडे

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचे कुंभार गल्लीतले घर पाण्याखाली गेले. गणपतीच्या मूर्ती रंगवून ठेवलेल्या होत्या, त्या गेल्या. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. त्यानंतर आम्ही उंचावर राहायला आलो, जिथे पंचगंगेचे पाणी येण्याचा प्रश्नच नाही. तरीही पाऊस सुरू झाला की वडील राजाराम बंधाऱ्यावरची पातळी दिवसातून अनेकदा पाहतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे आकडे आमच्या घरात लहान मुलांनाही पाठ आहेत. पातळी उतरली की आम्हाला हायसे वाटते, पण वडील तेव्हाच चिडचिडे होतात. टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रमही ते पावसाळ्यात पाहत नाहीत. आई एकदा म्हणाली, “आता इथं कुठलं पाणी येतंय?” त्यावर ते म्हणाले, “त्या वर्षी बी आपण असंच म्हणत होतो.”

त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही, आणि म्हणूनच त्यांना समजावणे कठीण जाते. त्या रात्री आम्ही खरोखर निश्चिंत होतो, आणि पुराच्या नुकसानीइतकीच ती निश्चिंतता त्यांना लागली आहे. काळजी करत राहिले तर निदान बेसावध सापडणार नाही, एवढेच त्यांना हवे आहे.

शिवाजी विद्यापीठातील एक विद्यार्थिनी

थोडक्यात लिहिते. माझ्या आधीच्या मित्राचा स्वभाव असा होता की तो आठवडाभर अबोला धरी आणि मग अचानक अतोनात प्रेम करी. आताचा मित्र सांगितलेल्या वेळेला फोन करतो, आणि मला ते नीरस वाटते. छातीत ती धडधड होत नाही म्हणजे हे प्रेमच नसावे, असे वाटत राहते. माझे आईवडील असेच महिनोन्महिने बोलत नसत आणि मग दिवाळीला एकदम सगळे गोड होई. धडधड म्हणजेच प्रेम, हे मी तिथे शिकले असावे. कळूनही ओढ मात्र जुन्याच बाजूची राहिली आहे.

गडहिंग्लजकडील एक अंगणवाडी सेविका

या धाग्याच्या विषयावरच माझा आक्षेप आहे. मी दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या घरात बरीच वर्षे राहिले, तेव्हा लोक म्हणत की हिला सवय झाली आहे, हिला तेच बरे वाटते. माझ्या हातात पैसा नव्हता. माहेरी भाऊ म्हणत, “आक्का, चार दिवस राहा, पण पोरांना घेऊन कायमचं येऊ नको.” कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि त्यात बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलेला आहे, संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, हे मला कुणी सांगितलेच नव्हते. ज्या बाईसमोर दुसरी वाट नाही, ती दुःखाला चिकटली आहे असे म्हणणे हे तिच्यावर दुसऱ्यांदा केलेले वार आहेत. बचत गट, मग नोकरी, मग भाड्याची खोली, या क्रमाने मी बाहेर पडले. मनाचे कुलूप वगैरे काही उघडले नव्हते, आधी पगार सुरू झाला होता.

एवढे ठणकावून सांगितल्यावर पुढचेही सांगितले पाहिजे, कारण येथे अर्धेच सांगणे बरोबर नाही. खोलीवर राहायला आल्यावर रात्री अकराला मला आपोआप जाग येई आणि कान दाराच्या कडीकडे लागत. कडी वाजत नसे, तेव्हा जीव अधिकच घाबरा होई. त्या दिवसांत तो एकदा माफी मागायला आला आणि मला क्षणभर सुटल्यासारखे वाटले, कारण ज्याची वाट पाहायची तो समोर होता. मी परत गेले नाही. पण बाई परत का जाते, हे मला तेव्हा समजले, आणि आता कुणी गेली तर मी तिला नावे ठेवत नाही.

समुपदेशनाचे काम करणारी एक सदस्य

वरच्या ताईंचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि त्याला संशोधनाचाही आधार आहे. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांत, टाळता न येणारे विजेचे धक्के सोसलेली बरीच कुत्री पुढे सुटकेचा मार्ग मोकळा असतानाही जागची हलली नाहीत. याला ‘शिकलेली असहायता’ असे नाव मिळाले. मात्र याच दोघांनी २०१६ साली मेंदूविषयीच्या नव्या माहितीच्या आधारे आपला निष्कर्ष उलटा केला. दीर्घ त्रासापुढे निपचित होणे ही मुळातली प्रतिक्रिया आहे. आपल्या करण्याने काही बदलते, हे मात्र शिकावे लागते. ताईंना ते पगाराने आणि भाड्याच्या खोलीने शिकवले. एखाद्याला ‘मन घट्ट कर’ सांगण्यापेक्षा त्याच्या हाती खरोखर काही नियंत्रण देणे अधिक उपयोगी का ठरते, याचे उत्तर येथे आहे.

पुराची काळजी करणाऱ्या वडिलांविषयी वाचताना मला मिशेल न्यूमन आणि सँड्रा लेरा यांची २०११ सालची मांडणी आठवली. सतत काळजी करणाऱ्या माणसाला वाईट वाटण्यापेक्षा, चांगल्यातून एकदम वाईटात पडणे असह्य होते. म्हणून तो आधीपासूनच खाली राहतो, म्हणजे कोसळायला अंतर उरत नाही. पातळी उतरल्यावर ते चिडतात याचे कारण हेच असू शकते. मंगळवार पेठेतील वहिनींच्या बाबतीत विल्यम स्वॉन यांचे १९८० च्या दशकापासूनचे काम लक्षात घ्यावे. स्वतःविषयी वाईट मत असलेल्या माणसाला त्या मताला पुष्टी देणारे बोलणे अधिक खरे वाटते, आणि स्तुतीने त्याची जमीन हलते.

‘उदास माणसाला उदासच राहायचे असते’ असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. २०१५ साली येल मिलग्राम आणि सहकाऱ्यांना असे आढळले होते की, नैराश्य असलेले लोक इतरांपेक्षा उदास संगीत अधिक वेळा निवडतात. पुढच्या संशोधनात त्याचे कारण विचारले गेले, तेव्हा ते संगीत शांत करणारे वाटते असे त्या लोकांनीच सांगितले. कारण न विचारता बाहेरून अर्थ लावला की तो किती कठोर होतो, हे यातून दिसते.

पत्नीला गमावलेले एक सदस्य

२०२१ च्या साथीत पत्नी गेली. मी हसलो की तिला मागे टाकल्यासारखे होते. दुःख हेच आता आमचे नाते आहे, आणि ते सोडा असे म्हणणारा मला नाते सोडा असे सांगत असतो. एवढेच लिहायचे होते.

धागा सुरू करणारी

काका, तुमचे लिहिणे पूर्ण आहे आणि त्यात दुरुस्ती करण्यासारखे मला काही दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात दीर्घकाळ चालणाऱ्या शोकविकाराची स्वतंत्र नोंद आहे. पण तेथेही केवळ सहा महिन्यांहून अधिक काळ उलटला एवढे पुरत नाही. त्या माणसाच्या समाजात आणि धर्मात जे स्वाभाविक मानतात त्याच्या पलीकडे शोक गेला आहे का, आणि रोजचे जगणे अडले आहे का, हेही पाहावे लागते. आठवण जपणे हा आजार नाही.

गंगावेशीकडील एक माजी मल्ल

खासबागेच्या मैदानात मी एक मोठी कुस्ती हरलो. चांगली जोड होती, मी वरचढ होतो, आणि घिस्सा मारताना तोल गेला. त्यानंतर मी निकाली कुस्ती धरलीच नाही. तालमीत, लग्नात, एसटीत, कुठेही मी ती हार सांगत आलो आहे, आणि ऐकणारे म्हणतात, “पैलवान, नशीब आडवं आलं.” त्या हारेने मला एक गोष्ट कायमची दिली: मी किती मोठा झालो असतो, हे कुणालाच ठरवता येत नाही. पुन्हा उतरलो असतो आणि पुन्हा हरलो असतो, तर ते ठरले असते. आता मी पोरांना शिकवतो. एक पोर गावच्या जत्रेत चितपट झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते जोर-बैठकांना हजर होते आणि म्हणाले, “वस्ताद, पुढचं मैदान कुठलं?” मला त्या पोराचा अभिमान वाटला, आणि खरे सांगायचे तर हेवाही वाटला.

शिवाजी विद्यापीठातील तीच विद्यार्थिनी

समुपदेशक ताईंना विचारायचे आहे की, हे कुणाशी बोलायचे असेल तर सुरुवात कशी करावी? घरी सांगितले तर वेडेपणा म्हणतील.

समुपदेशनाचे काम करणारी सदस्य

ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे, ती चोवीस तास उपलब्ध असते आणि मराठीतून बोलता येते. पहिल्या बोलण्यात सगळी हकीकत नीट मांडलीच पाहिजे असे नाही. ‘मला यातून बाहेर पडायचे आहे’ असे म्हणणे अजून खरे वाटत नसेल, तर तसे म्हणू नकोस. ‘हे गेले तर माझ्याकडे काय उरेल याची भीती वाटते’ असे म्हटलेस तरी चालेल. तेवढ्या वाक्यापासूनही काम सुरू करता येते, आणि समोरच्याने ते ऐकून घेतले नाही तर दुसऱ्या कुणाकडे जाण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे.