शिगमोच्या चित्ररथासाठी अंगावर लावायचे रंग आणि ब्रश: काय घ्यावे?

चित्ररथ_डिचोली
नमस्कार मंडळी. पणजीच्या शिगमो मिरवणुकीत यंदा आमच्या मंडळाचा चित्ररथ आहे. सहा जणांचे अंग रंगवायचे आहे. दोन वाघ (कमरेला वस्त्र, बाकी अंग उघडे), तीन दगडी मूर्ती आणि एक निळा महादेव. वाघांपैकी एक ११ वर्षांचा मुलगा आहे. दुपारी १२ वाजता रंगवायला बसायचे, ४ वाजता रांगेत उभे राहायचे आणि सुटका व्हायला रात्रीचे १० धरायचे. रंगवणारे आम्ही तिघे. नरकासुराचे पुतळे आणि पडदे रंगवण्याचा हात आहे, माणसाच्या अंगावर मात्र पहिल्यांदाच रंगवणार. रंग आणि ब्रश मिळून १५ हजारांत बसवायचे आहे. कोणत्या जातीचे रंग, किती, आणि ब्रश कोणते? शिवाय नरकासुराचे अ‍ॅक्रिलिक शिल्लक आहे, बाटलीवर ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेय. ते चालेल का?

कुंचला_फोंडा
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. अ‍ॅक्रिलिक अंगाला लावू नका. ‘नॉन-टॉक्सिक’चा अर्थ कागदा-कापडावर नेहमीसारखा वापरला तर विषबाधा होत नाही, एवढाच. आठ-दहा तास घामेजल्या कातडीवर ठेवायला तो रंग तपासलेला नसतो. अ‍ॅक्रिलिक सुकले की प्लॅस्टिकचा पापुद्रा होतो. कोपर वाकवला की तडकतो, सोलताना लव उपटून येते, आणि त्यातली टिकाऊपणाची द्रव्ये घामाबरोबर कातडीला झोंबतात. पोस्टर कलर, इनॅमल, हार्डवेअरच्या दुकानातली रुपेरी पावडर यांनाही हेच लागू. इनॅमल काढायला तर रॉकेल नाहीतर टर्पेंटाइन लागते, म्हणजे इजा दोनदा.

आता घ्यायचे काय. तुमच्या कामाला पाण्याने भिजवून लावायच्या वड्या बऱ्या. त्यात दोन स्वभाव असतात. ग्लिसरीनवर बांधलेले रंग (मेहरॉन पॅराडाइज, क्रायोलानचे अ‍ॅक्वाकलर) मऊ असतात, स्पंजाने मोठा भाग भरताना सरसर पसरतात आणि कमी तडकतात. मेणावर बांधलेले (वुल्फ, डायमंड एफएक्स) जरा कोरडे, पण रेघ धारदार येते आणि खालचा थर विरघळत नाही. म्हणून अंगभर रंग ग्लिसरीनवाला, पट्टे आणि रेघा मेणवाल्या.

गोव्यात एक गोष्ट ध्यानात ठेवायची. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेते. मार्चमधल्या दमट दुपारी असा थर पूर्ण सुकल्यासारखा वाटतच नाही, बोट लावले की चिकचिकतो. त्यावर उपाय पावडरचा. थर लावला, पंख्याखाली पाच-सात मिनिटे सुकू दिला, की मऊ ब्रशने बिनरंगी सेटिंग पावडर हलकी थापायची, मग पट्टे. पावडर चोळायची नाही, चोळली की ढग उमटतात.

प्रमाण सांगतो. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगावर एक झाकणारा थर द्यायला २५ ते ३० ग्रॅम वडी धरा, त्यातला काही रंग स्पंजच पितो. तिन्ही मूर्तींना मिळून राखाडी ९० ग्रॅम. महादेवाला निळा ४० ग्रॅमची एक वडी. वाघांना नारिंगी ४५ ग्रॅम पुरेल, कारण पोट, छाती आणि मांडीची आतली बाजू पांढरी येणार. पांढरा ४५, काळा ४५. पिवळा ७-८ ग्रॅमची छोटी वडी, नारिंगीच्या कडेला मिसळायला. बाकी काही घेऊ नका. वीस रंगांची पेटी दिसायला छान, पण प्रत्येक खणात चिमूटभर रंग. एका पाठीलाही पुरत नाही.

राखाडी शक्यतो तयारच घ्या. काळा-पांढरा मिसळून करणार असाल तर तिघांचा एकदमच एका डब्यात करा. दुसऱ्यांदा केलेला राखाडी पहिल्याशी कधीच जुळत नाही, आणि शेजारी शेजारी उभ्या मूर्तींत ते लगेच दिसते.

रंगपेटी_सत्तरी
ब्रशबद्दल लिहिते. दादा, भिंतीचे किंवा तैलरंगाचे डुकराच्या केसांचे ब्रश घरी ठेवा, त्यांचे केस अंगाला ओरखडतात. सेबल वगैरे खरे केस पाणी फार धरतात, रेघ फुगते. सिंथेटिक टॅकलॉन घ्या. केस वाकवून सोडला की सरळ उभा राहायला हवा. पणजी-मडगावला कलासाहित्याच्या दुकानांत हे हाताळून घेता येतात, ब्रश तरी ऑनलाइन मागवू नका. आणि नंबरावर विसंबू नका. एका कंपनीचा ६ नंबर दुसरीचा ४ निघतो. केसांची रुंदी मिलिमीटरमध्ये बघा.

वाघाच्या पट्ट्यांना दोन ब्रश पुरे. २० ते २५ मिमीचा चपटा आणि बुडाशी ५-६ मिमी असलेला टोकदार गोल. पट्टा एका झटक्यात काढायचा. चपटा ब्रश कण्याच्या बाजूला पूर्ण टेकवायचा आणि पोटाकडे ओढत नेताना हळूहळू उचलून कडेवर आणायचा, टोक आपोआप निमुळते होते. पट्टे कण्यापासून फासळ्यांच्या वळणाने खाली उतरू द्या. सरळ आडवे काढले तर बनियन घातल्यासारखे दिसते. मिशा आणि डोळ्यांच्या कडांना बारीक टोकाचा गोल.

दगडाला ब्रश कमी, स्पंज जास्त. राखाडी थर सुकला की जाळीदार स्टिपल स्पंज काळ्यात टेकवून कागदावर दोनदा ठोकायचा आणि मगच अंगावर. थेट टेकवला की डाग पडतो, दगड दिसत नाही. मग तसाच पांढरा, पण उंचवट्यांवरच: खांदा, गालाचे हाड, गुडघा. भेगा बारीक ब्रशने काळ्या, आणि प्रत्येक भेगेच्या एकाच बाजूला पांढरी केसासारखी रेघ. सगळ्या भेगांत उजेड एकाच दिशेने आलेला हवा. त्या एका रेघेने दगड खोल वाटतो, ती चुकवू नका.

थर भरायला दाट विणीचे गोल स्पंज मधोमध कापून घ्या. प्रत्येक माणसाला, प्रत्येक रंगाला वेगळा अर्धा. सहा जणांना २५ अर्धे लागतील असे समजा.

पाण्याचा अंदाज हाच खरा हात. स्पंज भिजवून घट्ट पिळायचा, वडीवर फवाऱ्याचे दोन-तीन शिंतोडे, मग गोल गोल घासून साईसारखा रंग उचलायचा. फेस आला तर पाणी जास्त झाले: थर पट्ट्यापट्ट्यांचा होतो आणि ओघळतो. पाणी कमी पडले तर थर जाड बसतो आणि सांध्यांवर तडकतो. कोपर आणि गुडघा थोडा वाकवून ठेवूनच रंगवा.

लेबलवाचक
वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. मी फक्त सुरक्षिततेचे लिहितो.

आपल्याकडे सौंदर्यप्रसाधने १९४० च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली येतात आणि २०२० पासून त्यांची स्वतंत्र नियमावली आहे. त्यात वापरायच्या रंगद्रव्यांत शिसे दहा लाखांत २० भागांहून आणि आर्सेनिक २ भागांहून जास्त नसावे, अशी मर्यादा आहे. म्हणून डब्यावर घटकांची यादी, बॅच क्रमांक, मुदत, आणि परदेशी माल असेल तर आयातदाराचे नाव व नोंदणी क्रमांक बघा. यातले काहीच नसलेली ‘फेस पेंट’ची स्वस्त पेटी मुलाच्या अंगाला लावू नका.

शेंदूर, हिंगूळ नकोच. शेंदूर बऱ्याचदा शिशाचा असतो, हिंगूळ पाऱ्याचा. देवाला वाहणे वेगळे आणि घामाने भिजलेल्या छातीवर दहा तास ठेवणे वेगळे. महादेवाला खरे भस्मही नको. राख ओली झाली की क्षारासारखी झोंबते. पांढऱ्या वडीचा पातळ हात द्या आणि वर पावडर, भस्मच दिसते.

निऑन रंगांच्या डब्यांवर अनेकदा बारीक अक्षरांत ‘कॉस्मेटिक वापरासाठी नाही’ असे छापलेले असते. चकाकी हवी असेल तर कॉस्मेटिक ग्लिटरच घ्या. हस्तकलेच्या चमकीचे कण मोठे आणि धारदार असतात, डोळ्यात गेले तर बुबुळाला ओरखडा जातो.

प्रत्येक रंग प्रत्येकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लावून ४८ तास लक्ष ठेवा. मिरवणुकीच्या आठवडाभर आधी करा, म्हणजे कुणाला पुरळ उठलीच तर रंग बदलायला वेळ राहतो. ज्याला किनाऱ्यावरच्या काळ्या मेंदीने कधी फोड आले असतील त्याने आधीच सांगावे. तिच्यात बहुधा केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन असते, आणि एकदा त्याची अ‍ॅलर्जी जडली की काही रंगद्रव्यांशीही कातडीचे जमत नाही.

चित्ररथ_डिचोली
देव बरें करूं, इतक्या बारकाईने कुणी सांगत नाही. आता घामाचे. पाण्याचा रंग घामाने जाणार नाही का? एकाने अल्कोहोलचे रंग सुचवलेत, ते अजिबात हलत नाहीत म्हणे. आणि आमच्याकडे कॉम्प्रेसर आहे, हवेच्या दाबाने रंग फवारणारा एअरब्रश घ्यावा का?

कुंचला_फोंडा
हलत नाहीत हे खरे, पण तुमच्या कामाला मी ते सुचवणार नाही. ते भिजवायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते. ते झटकन पेट घेते, आणि चित्ररथाशेजारी जनरेटर, वेल्डिंग, कुणाच्या हातात बिडी असतेच. डोळ्यांजवळ आणि मुलाच्या अंगावर तर नाहीच. दाढी केलेल्या किंवा लव काढलेल्या जागी आग होते, आणि काढायला आयसोप्रोपिल मिरिस्टेटसारखे वेगळे तेलकट द्रव्य आणावे लागते. तेलकट रंग (क्रायोलानचा सुप्राकलर वगैरे) चेहऱ्याला चांगला, पण अंगभर लावला तर उकडते आणि कपड्यांना, रथाला, शेजाऱ्याला लागतो.

पाण्याच्या रंगाचे असे असते की अंगभर सारख्या येणाऱ्या घामाने तो फारसा जात नाही, ओघळाने आणि घासण्याने जातो. म्हणून काख, गुडघ्याची मागची बाजू, तळवे आणि तळपाय रंगवूच नका, नाहीतर वस्त्राखाली लपवा. रंगवण्याआधी साबणाने आंघोळ, अंग कोरडे, आणि कुणालाही खोबरेल किंवा क्रीम लावू देऊ नका. तेलावर पाण्याचा रंग धरतच नाही, मणी मणी होऊन सरकतो. शेवटी रंग धरून ठेवणाऱ्या, अल्कोहोल असलेल्या मेकअप सीलरचे हातभर अंतरावरून दोन पातळ फवारे. चेहऱ्यावर डोळे मिटून, श्वास रोखून. मुलाच्या चेहऱ्यावर नको, तिथे पावडर पुरे. घाम आलाच तर पुसायचा नाही, टिश्यू टेकवून टिपायचा.

आणि अंगभर रंग लावला की कातडीचा ‘श्वास कोंडतो’ म्हणतात, तसे होत नाही, आपण नाकानेच श्वास घेतो. खरी भीती उन्हाची. जाड थर आणि वर सीलर असला की घाम नीट वाळत नाही, अंग थंड होत नाही. दर अर्ध्या तासाला पाणी किंवा मीठ-साखरेचे सरबत, स्ट्रॉने, म्हणजे ओठांचा रंग राहील. रांगेत थांबेपर्यंत सावली. कुणाला मळमळले, गरगरले तर रंगाचा विचार न करता ओल्या फडक्याने पुसून काढा आणि वारा घाला.

एअरब्रश यंदा नको. गॅरेजच्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी येते. अंगाला १५ ते २० पीएसआय दाब लागतो, नोजल ०.५ मिमी, रंगही वेगळा द्रवरूप. हात बसायला महिने लागतात. तुम्हा तिघांना स्पंजाने एक अंग भरायला पाऊण तास लागेल, पट्टे-भेगांना आणखी तेवढाच. सहा अंगे तिघांत म्हणजे माणशी दोन. १२ ला बसलात तर सुकवणे, पावडर आणि सीलर धरून चार वाजता जेमतेम उठाल, ११ ला बसा. मूर्ती आधी, वाघ मग, महादेव शेवटी, कारण निळ्यावर बोट लागलेले सगळ्यात जास्त दिसते.

रंगपेटी_सत्तरी
निळ्याबद्दल अजून एक. निळा, हिरवा, लाल कातडीला डाग धरतात. महादेवाला आधी पाण्यात न विरघळणारे बॅरियर लोशन पातळ लावा, पूर्ण सुकू द्या, मग रंग. क्रीमसारखे तेलकट राहणारे नव्हे, सुकून नाहीसे होणारे. काढताना सगळ्यांनी आधी साबण आणि कोमट पाणी, हाताने फेस करून. काथ्याने घासू नये. उरलेल्या निळ्या झाकेला मग खोबरेल, दहा मिनिटांनी पुन्हा साबण.

आणि नायटा. दमट दिवसांत एकाचा स्पंज दुसऱ्याला लागला की पसरतो. ज्याला नायटा, गजकर्ण, उघडी जखम किंवा डोळे आलेले असतील त्याला या वर्षी रंगवू नका, रथाच्या दुसऱ्या कामाला घ्या.

चित्ररथ_डिचोली
मग यादी अशी: राखाडी ९०, निळा ४०, नारिंगी ४५, पांढरा ४५, काळा ४५, पिवळा छोटा. स्पंज १३, स्टिपल स्पंज ३. ब्रश: २५ मिमी चपटे २, मधले गोल ३, बारीक गोल ३. पावडर, सीलर, बॅरियर लोशन. बरोबर?

कुंचला_फोंडा
पांढरा ९० करा. पोट, दगडाचे उजेड, भस्म, भेगांच्या रेघा, सगळे त्यातूनच जाणार, पांढरा नेहमी आधी संपतो. पैशांत मावत नसेल तर नारिंगी ३० वर आणा आणि पिवळा मोठा घ्या. पोरग्याचे अंग लहान, पुरेल. पावडर लावायचा मऊ मोठा ब्रश यादीत नाही, तोही टाका. पाण्याची भांडी प्रत्येकाला दोन, एक धुवायला आणि एक भिजवायला. ब्रश पाण्यात उभा सोडू नका, पत्र्याखालचा गोंद सुटून केस गळतात.

लेबलवाचक
मिरवणूक संपली की वड्यांचा वरचा थर ओल्या टिश्यूने पुसा, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारा आणि झाकण उघडे ठेवून रात्रभर पंख्याखाली सुकवा. ओली वडी बंद केली तर जूनपर्यंत बुरशी धरते, आणि बुरशी दिसलेली वडी खरवडून वापरू नये, टाकून द्यावी. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा.