घाम म्हणजे चरबी नव्हे

एकांनी लिहिलंय, वजन उतरवायची ‘फॅट बर्नर’ गोळी घेतली की घाम फुटतो, म्हणजे चरबी जळतेय. अहो, घामातून जातं ते पाणी. दोन तांबे पाणी प्यायलं की काटा पुन्हा जागेवर!

मीही हा उद्योग केलाय. डबीवर बारीक अक्षरात एका गोळीत २०० मिग्रॅ कॅफीन, वर माझे तीन चहा. पहिल्याच दिवशी बशीत कप खडखडायला लागला, रात्री टक्क जागा. कॅफीनने चयापचय वाढतो, नाही असं नाही, पण जेमतेम एका पोळीच्या कॅलरींइतका. अशा गोळ्यांत पूर्वी इफेड्रा ही उत्तेजक वनस्पती असायची; तिच्यावर अमेरिकेने २००४ मध्ये बंदी घातली, मग तिच्या जागी कडू संत्र्यातलं सिनेफ्रिन हे तसंच उत्तेजक द्रव्य आलं. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झालीय. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना या गोळ्यांची डबीच नेऊन दाखवा.