सीटीत ‘व्हेस्टिब्युलर अ‍ॅक्विडक्ट रुंद’ आलंय

फोंड्याची आई:
मुलगा सहा वर्षांचा. शिगम्याच्या आदल्या दिवशी तुळशीच्या कट्ट्यावरून पडला, टेंगूळ आलं एवढंच. दुसऱ्या दिवशी मेळ दारात आला, ढोल वाजले, तरी डाव्या बाजूने हाक मारली की ओ देईना. सीटीत व्हेस्टिब्युलर अ‍ॅक्विडक्ट, म्हणजे आतल्या कानाजवळची हाडातली बारीक वाहिनी, मध्यावर २.१ मिमी आहे. पडल्यामुळे झालं का हे? माझं लक्ष हवं होतं.

ऑडिओलॉजिस्ट, म्हापसा:
ताई, हे मनातून काढा. अशा मुलांत ही हाडातली वाहिनी जन्मतःच रुंद असते. मध्यावर १.५ मिमीच्या वर गेली की रुंद धरतात, काही जण १ मिमीच मानतात. अशा कानात लहानशा मारानेही ऐकणं एकदम घसरतं. म्हणून फुटबॉलला डोकं लावणं बंद. गोव्यातल्या मुलाला हे सांगणं किती जड जातं, ठाऊक आहे. उजवा कानही तपासाच, बहुधा दोन्हीकडे असतं. पुन्हा अचानक कमी झालं तर त्याच दिवशी ईएनटीकडे जा.

पेडण्याचा बाबा:
आमच्या मुलीचंही हेच. सीटीत हाड दिसतं, श्रवणाची नस नाही. त्यासाठी एमआरआय केला. थायरॉईडही बघितलं, काहींना रुंद वाहिनी आणि थायरॉईडचा त्रास एकत्र असतो म्हणून. आता यंत्र लावून ती आजीशी फोनवर बोलते.