ओरांगउटान म्हणजे ताडोबाचा वाघ नाही भाऊ

महालवाला: काल एकाने इथे लिहिलं, 'बोर्निओत लाखभर घातले, ओरांगउटान म्हणजे शेंड्यावर लाल पुंजका, त्यापेक्षा ताडोबाचं मोहर्ली गेट परवडलं.' अहो तो एकटा फिरणारा एप, म्हणजे बिनशेपटीचा वानर, रोज संध्याकाळी फांद्या मोडून झाडावर झोपायची जागा करतो, मादीला सात-आठ वर्षांत एक पिल्लू, तो तुमच्या बोटीपाशी कशाला येईल? तिथल्या किनाबातांगान नदीच्या काठाने जंगलाची पट्टी तेवढी उरली, मागे तेलासाठी लावलेले पामच पाम. मला अंजिराच्या झाडावर एक मादी दिसली, फळं चावून चोथा खाली टाकत होती, पिल्लू पोटाला चिकटलेलं. मान अवघडली पण पैसे वसूल.

जिप्सीप्रेमी: मान अवघडायला लाखभर? सेपिलोकला निदान समोर दिसले, खायला देतात तेव्हा.

महालवाला: सेपिलोक १९६४ पासूनचं अनाथ पिल्लांचं केंद्र आहे. मुद्दाम तेच तेच खायला देतात, म्हणजे कंटाळून स्वतः जंगलात शोधतील. ते जंगली, तर मग नागपुरातलं महाराजबाग प्राणिसंग्रहालयही जंगलच म्हणा.

तर्रीपोहा: पामतेलावर कोणीच बोलून नाही राहिलं! तिकडे हळहळायचं अन् इकडे येऊन त्याच तेलातला समोसा हाणायचा.

इतवारीची_सून: मोहर्ली परवडलं म्हणे! ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण अन् पाच बछडे जिप्स्यांनी अडवले, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ती सवय लागलेल्याला शेंड्यावरचं काय दिसणार?

जिप्सीप्रेमी: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. माझा साळा जिप्सी चालवतो. 'भैया और आगे लो' पर्यटकच करतात, नाही नेलं तर टिप नाही, वरून तक्रार.

इतवारीची_सून: मग टिपेसाठी वाघिणीची वाट अडवायची का?

जिप्सीप्रेमी: ताई, एसीत बसून बोलणं सोपं आहे. मे महिन्यात दिवसभर स्टिअरिंग धरून पाहा.

महालवाला: धागा ओरांगउटानचा आहे हो!!

तर्रीपोहा: एप पाहाले पासपोर्ट कायले लागते? आसामात जोरहाटजवळ होल्लोंगापार अभयारण्य आहे, तिथे हूलॉक गिबन, तोही एपच, जंगल जेमतेम २१ चौरस किलोमीटर, मधातून रेल्वे गेली. गिबन खाली उतरत नाही, म्हणून लाइनीपलीकडचे तिकडेच अडकले. गार्डसोबत पायी फिरा, सकाळी जोडी ओरडते ते आईका.

जिप्सीप्रेमी: बरं बाप्पा, जोरहाट मान्य. नाही दिसला तर तिकिटाचे पैसे तुमच्याकडून घेईन. अन् ताईंनी आधी साळ्याची माफी मागावी.

इतवारीची_सून: मागते ना. आधी त्याला गाडी मागे घ्यायला सांगा.