कागद नाही म्हणून माणूस कोंडायचा का?

शहापूरकर
काल आपल्या बेळगावच्या ग्रुपवर एकानं टाकलं, "घुसखोरांना कसला वकील नि कसलं कोर्ट? पकडा, कोंडा, सीमेपार ढकला." खाली पटापट अंगठे. राहवेना म्हणून लिहितोय.

जगण्याचा नि स्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या घटनेच्या २१ व्या कलमात 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच हे सांगितलं. परका ठरला तर परत पाठवा, माझी ना नाही. पण परका नाही हे सिद्ध करायचा बोजा पकडलेल्यावरच, परदेशी लोकांविषयीच्या १९४६ च्या कायद्यात आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही. तिकडे बेंगळुरूकडे, नेलमंगलाजवळ सोंडेकोप्प्याच्या परक्यांना कोंडायच्या सेंटरमध्ये नेऊन बसवलेला माणूस कागद गोळा करणार कसा?

आमच्या गल्लीत स्लॅबचं काम चालू होतं. सेंट्रिंगवाला पोरगा बंगालमधल्या मुर्शिदाबादचा. बोलण्यावरून संशय आला, नेला चौकीत. मी गेलो तेव्हा बाकावर बसलेला, नखांत सिमेंट तसंच, मोबाइल काढून घेतलेला. पुढ्यात कन्नडमध्ये टाइप केलेला कागद. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाला, "पता नहीं, अंगूठा दिया." संध्याकाळी त्याच्या बापाचं मतदार यादीतलं पान व्हॉट्सॲपवर आलं, तेव्हा सोडला. मी गेलो नसतो तर?

खानापूरचा भाऊ
एका पोरावरून देशाचा कायदा ठरत नाही. आधार कार्ड पैसे टाकले की मिळतंय, वीटभट्टीवर कोण कुठला हे मालकालाही ठाऊक नसतं. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानंच आसाम सरकारला झापलं, परके ठरलेल्या ६३ जणांना परत का पाठवत नाही म्हणून. ते बरं गाळलंत!

शहापूरकर
अर्धंच वाचलंत. कायमचं कोंडून ठेवता येणार नाही, हेही त्याच सुनावणीत सांगितलं. त्याआधी २०२० मध्ये त्याच कोर्टानं आसामात परके म्हणून कोंडलेल्यांपैकी दोन वर्षं झालेल्यांना ५ हजारांच्या हमीवर सोडायला लावलं. दोन वर्षं, भाऊ!

येळ्ळूरकर
न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा, हे आमचं रोजचंच आहे. जमिनीच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव चुकीचं चढलं. कन्नडमध्ये असल्यानं चार वर्षं कुणाला कळलं नाही. दुरुस्तीला हेलपाटे घालून वडील थकले. १५ टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्य असतील तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायचे, हा नियम कुठं गेला? २०१४ ला 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' या फलकासाठी आमच्या गावानं घरात बसून लाठ्या खाल्ल्या.

कॅम्पातला
झालं सुरू! विषय कुठला, गाडी सीमाप्रश्नावर. इथं राहायचं तर कन्नड शिका की. माझी पोरं शिकली, काही बिघडलं नाही.

येळ्ळूरकर
माझी आई सत्तरीची आहे. तिला शिकवायला तुम्ही येता का? घरचं दुखणं सांगितलं की "गाडी सीमाप्रश्नावर"! तोंड सांभाळून बोला.

कॅम्पातला
आईंबद्दल बोललो नाही. तसं वाटलं असेल तर शब्द मागे घेतो. बाकी म्हणणं तेच.

खानापूरचा भाऊ
भांडू नका. दुभाषा द्यायला हवा, एवढं मानतो. कळत नसलेल्या कागदावर अंगठा घेणं चूकच. पण वकील सरकारच्या पैशानं? ते मला पटत नाही.

शहापूरकर
तुम्हाला पटो न पटो, कोठडीतल्या कुणालाही फुकट वकील मिळायची तरतूद १९८७ च्या विधी सेवा कायद्यात आहे. त्याचा हेल्पलाइन नंबर १५१००. त्या दिवशी चौकीत मला तो माहीत नव्हता. तुमच्या भट्टीवर लिहून लावा.